प्राध्यापकांच्या शिक्षणाची काळजी वाहणारे जे. पी. नाईक

प्राथमिक शाळेत शिकवायचे असेल तर शिक्षकाला आधी अध्यापन पदविका घ्यावी लागते. हायस्कुलात शिकवायचे असेल तर बी. एड. व्हावे लागते. तेथे पाठ काढावे लागतात, वर्गात मागच्या बाकावर बसलेले परीक्षक आपल्या चुका टिपून घेतात, फळ्यावरच्या अक्षरालासुद्धा गुण असतात. पण महाविद्यालयात शिकवणाऱ्याचे काय? एम. ए. किंवा एम. एस्सी.चा निकाल लागतो, मुलाखत होते, नेमणुकीचे पत्र हाती पडते. कालपर्यंत बाकावर बसून टिपणे घेणारा तरुण दुसऱ्या दिवशी शंभर मुलांपुढे उभा राहतो. त्याच्या हातात वेळापत्रक असते, खडू असतो आणि आपल्या गुरुजींनी जसे शिकवले तसे शिकवायचे, एवढीच शिदोरी असते. पहिले वर्ष निभावले की तो प्राध्यापक झाला असे आपण समजतो. त्या पहिल्या वर्षी त्याच्यापुढे बसलेल्या मुलांचे मात्र ते वर्ष पुन्हा येत नाही.

ही गोष्ट ज्यांना मनापासून खटकली आणि ज्यांनी ती देशाच्या शिक्षणविचारात आणली, त्यांत जे. पी. नाईक यांचे नाव घ्यावे लागते. हा माणूस आपल्या अगदी शेजारचा. जन्म आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचा आणि तरुणपणातील कार्यभूमी धारवाड जिल्ह्याची. मराठी आणि कन्नड या दोन्ही मुलखांनी त्यांना घडवले. म्हणून दोन्ही भाषांचे विभाग असलेल्या आपल्या अंकात त्यांचे स्मरण करणे उचित वाटते.

बहिरेवाडी हे कोल्हापूर जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील लहानसे खेडे. तेथे 5 सप्टेंबर 1907 रोजी एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. पुढे त्यांनी जयंत पांडुरंग नाईक हे नाव घेतले आणि त्याच नावाने, किंबहुना जे. पी. या दोन अक्षरांनी, ते देशाला माहीत झाले. 5 सप्टेंबर ही तारीख पुढे शिक्षक दिन म्हणून देशभर साजरी होऊ लागली, ती डॉ. राधाकृष्णन यांच्या जन्मदिवसामुळे. पण त्याच दिवशी आपल्या शेजारच्या डोंगरात आणखी एक शिक्षक जन्मला होता, हे आपल्याकडेही फार थोड्यांना ठाऊक असते.

गणित हा त्यांचा आवडता विषय. बुद्धी तल्लख होती आणि परीक्षांत यशही मिळत होते. त्या काळी अशा मुलापुढे सरकारी नोकरीचे दार उघडे असे. परंतु 1930 सालच्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीने देश ढवळून निघाला आणि जे. पी. त्या लाटेत उतरले. 1932 साली त्यांना तुरुंगवास झाला व बळ्ळारीच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली.

तुरुंगात बरेच राजबंदी वाचन करीत, काही लिहीत. जे. पीं.नी तेथे दोन कामे अंगावर घेतली. निरक्षर कैद्यांना शिकवायचे आणि आजारी कैद्यांची शुश्रूषा करायची. शुश्रूषा करता करता त्यांनी वैद्यकाची पुस्तके वाचली व रोग्यांच्या सेवेपुरते ज्ञान मिळवले. गणिताच्या पदवीधराला अक्षरे कशी शिकवावीत हे कोणी सांगितले नव्हते. प्रौढ माणसाला कशाची गोडी लागते आणि तो कशाला कंटाळतो, हे त्यांना त्या कैद्यांनीच शिकवले. शिकवणाऱ्यालाही शिकावे लागते, हा त्यांच्या आयुष्यातला पहिला धडा त्यांना तुरुंगाच्या भिंतींआड मिळाला.

सुटका झाल्यावर ते शहरात परतले नाहीत. धारवाडजवळील उप्पिनबेटगेरी या खेड्यात जाऊन राहिले. कन्नड बोलणाऱ्या शेतकऱ्यांच्या या गावात त्यांनी आरोग्य, स्वच्छता, रस्ते, शेती आणि शाळा अशी सगळीच कामे हाती घेतली. मुले शाळेत का येत नाहीत, याचे उत्तर त्यांना शाळेच्या इमारतीत सापडले नाही. ते शेतात, हिवतापाने फणफणलेल्या घरात आणि सावकाराच्या वहीत सापडले. शिक्षण ही एकटी उभी राहणारी वस्तू नव्हे, पोट, प्रकृती आणि पैसा यांच्याशी ती बांधलेली आहे, ही त्यांची पुढील आयुष्यभराची धारणा या गावात पक्की झाली. अखेरच्या वर्षांत, 1981 साली, भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाचा सर्वांसाठी आरोग्य हा अहवाल निघाला, त्यामागेही जे. पी. होते. शिक्षणाचा माणूस आरोग्याकडे कसा वळला, असे त्यावेळी काहींना वाटले असेल. उप्पिनबेटगेरीची हकिगत माहीत असलेल्याला त्याचे नवल वाटणार नाही.

पुढे धारवाड जिल्हा स्कूल बोर्डात त्यांनी काम केले. एका गावाचा अनुभव जिल्ह्याला लावून पाहण्याची ही संधी होती. जिल्ह्यातील प्रत्येक मूल शाळेत यायचे तर किती शिक्षक लागतील, किती पैसा लागेल, तो कोठून येईल, याचा हिशेब त्यांनी गणितज्ञाच्या काटेकोरपणे मांडला. ध्येयवादी माणसे पुष्कळ असतात आणि आकडेमोड करणारेही पुष्कळ असतात. दोन्ही गोष्टी एका ठिकाणी क्वचित भेटतात. जे. पीं.च्या ठायी त्या होत्या.

1943 साली सय्यद नुरुल्ला यांच्यासह त्यांनी ब्रिटिश काळातील भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला. बी. एड., एम. एड.च्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या या ग्रंथावर व त्याच्या संक्षिप्त आवृत्तीवर पोसल्या गेल्या. त्याच दशकात कोल्हापूर संस्थानात शिक्षण व विकास या खात्यांची जबाबदारीही त्यांनी सांभाळली. 1948 साली मुंबईत त्यांनी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन ही संस्था स्थापन केली. शिक्षण या विषयाचे पदव्युत्तर अध्ययन व संशोधन करण्यासाठी अशी संस्था काढणे त्या वेळी धाडसाचेच होते. 1976 साली ही संस्था पुण्यास आली.

याच सुमारास आपल्या परिसरात एक वेगळा प्रयोग आकाराला येत होता. निपाणीहून मुदाळ तिट्टा करून गारगोटीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मौनी विद्यापीठ ठाऊक आहे. पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या या संस्थेच्या उभारणीत जे. पीं.चा वाटा मोठा. नाव विद्यापीठ असले तरी शहरी विद्यापीठाची नक्कल तेथे करायची नव्हती. बालवाडीपासून अध्यापक विद्यालयापर्यंत आणि ग्रामीण अभियांत्रिकीपर्यंत सारे शिक्षण एका आवारात असावे, त्याचा आसपासच्या खेड्यांशी रोजचा संबंध असावा आणि येथे शिकवणाऱ्यांनी खेडे जाणून घेऊन शिकवावे, अशी कल्पना होती. या साऱ्या कामात त्यांना चित्रा नाईक यांची साथ लाभली. 1955 साली दोघांचा विवाह झाला. चित्राताई स्वतः मोठ्या शिक्षणतज्ज्ञ. पुढे त्या नियोजन आयोगाच्या सदस्यही झाल्या.

1964 साली भारत सरकारने डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. कोठारी तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. जे. पी. नाईक आयोगाचे सदस्य-सचिव झाले. बालवाडीपासून विद्यापीठापर्यंतच्या सगळ्या शिक्षणाचा एकत्र विचार करणारा स्वतंत्र भारतातील हा पहिलाच आयोग. इंग्लंड, अमेरिका, रशिया, फ्रान्स व जपान येथील तज्ज्ञही त्यात होते. 2 ऑक्टोबर 1964 रोजी काम सुरू झाले. सदस्य देशभर हिंडले, सुमारे 9000 व्यक्तींशी बोलले, दोन हजारांहून अधिक निवेदने त्यांनी वाचली. 29 जून 1966 रोजी अहवाल सादर झाला. एवढ्या अवाढव्य सामग्रीतून सुसंगत अहवाल उभा करण्याचा भार मुख्यतः सदस्य-सचिवांवर होता. शिक्षण आणि राष्ट्रीय विकास असे त्याचे शीर्षक आहे, आणि या शीर्षकातच उप्पिनबेटगेरी आणि गारगोटी दोन्ही आहेत.

या अहवालातील दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध सर्वांना ठाऊक आहे, कारण आपण सारे त्यातूनच शिकलो. पण उच्च शिक्षणाच्या भागात एक छोटी शिफारस आहे, तिच्याकडे लक्ष वेधणे हा या लेखाचा एक हेतू आहे. नव्याने नेमलेल्या अधिव्याख्यात्याला एकदम वर्गात ढकलू नये. संस्थेत रुळण्यास त्याला काही अवधी द्यावा. चांगल्या अध्यापकांचे तास ऐकण्यास त्याला उत्तेजन द्यावे. प्रत्येक विद्यापीठात, आणि शक्य तेथे प्रत्येक महाविद्यालयात, नव्या अध्यापकांसाठी नियमित उद्बोधन वर्ग घ्यावेत. मोठ्या विद्यापीठांनी किंवा विद्यापीठांच्या गटांनी यासाठी कायमचे अध्यापक प्रशिक्षण महाविद्यालय काढावे. असा या शिफारशीचा आशय आहे.

शिफारस साधी होती, खर्चही फार नव्हता. तरी काय झाले? आयोगाच्या वेळच्या वेतनश्रेणींचा प्रश्न हाती घेतला गेला, तो घेणे आवश्यकच होते. परंतु नव्या अध्यापकांच्या प्रशिक्षणाची गोष्ट मागे पडली. उन्हाळी वर्ग होत, संशोधनासाठी शिष्यवृत्त्या मिळत. त्यांतून विषयाचे ज्ञान वाढे. वर्गात कसे शिकवावे, विद्यार्थ्याला कसे ओळखावे, परीक्षा कशासाठी घ्यावी, याचा विचार त्यात फारसा नसे. 1969 साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष व जे. पी. पहिले सदस्य-सचिव. तरुण अध्यापकांना संशोधनपद्धती शिकवणारे वर्ग या परिषदेने सुरू केले. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या महाविद्यालयातील अध्यापकाला संशोधनाची वाट मोकळी करून देणारी अशी सोय त्या काळी दुर्मीळच होती.

1974 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. परंतु मानसन्मानात रमण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. 1975 साली त्यांनी भारतीय शिक्षणातील समता, गुणवत्ता आणि संख्या यांच्या अवघड त्रिकोणावर पुस्तक लिहिले. आयुष्याच्या शेवटी त्यांनी एक विलक्षण काम केले. ज्या आयोगाचा अहवाल आपण स्वतः लिहिण्यात पुढाकार घेतला, त्याचे काय झाले आणि काय चुकले, याची झाडाझडती घेणारा ग्रंथ लिहिला. आपल्याच कामाची अशी परीक्षा घेणारे लोक थोडे असतात. हा ग्रंथ छापून हाती येण्यापूर्वीच, 30 ऑगस्ट 1981 रोजी, त्यांचे निधन झाले.

नव्या अध्यापकांविषयीची ती शिफारस फळाला आलेली त्यांना पाहता आली नाही. 1986 सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, 1987 पासून, विद्यापीठ अनुदान आयोगाने निवडक विद्यापीठांतून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे उघडली. नव्या अध्यापकांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि अनुभवी अध्यापकांसाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग सुरू झाला. 2015 साली या संस्थांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले आणि 2023 पासून त्या मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षणाखाली आल्या. म्हणजे अहवाल आणि अंमलबजावणी यांत एकवीस वर्षे गेली. तेवढ्या वर्षांत किती नवे अध्यापक वर्गात चाचपडले आणि किती विद्यार्थ्यांना त्या चाचपडण्याची किंमत मोजावी लागली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

हे वर्ग बढतीशी जोडले गेले, त्याने उपस्थितीची खात्री झाली. त्याबरोबर एक धोकाही आला. प्रमाणपत्र हाती पडले की शिकणे संपले, असे वाटू लागण्याचा तो धोका. विद्यार्थीमित्रांनो, याला आपणही थोडे जबाबदार आहोत. अमुक सरांचे आपल्याला समजत नाही, हे आपण मैदानावर बोलतो. सरांपुढे जाऊन अदबीने सांगत नाही. आणि आम्ही अध्यापकही शेजारच्या वर्गात सहकारी कसे शिकवतात हे ऐकायला कधी जातो? आयोगाच्या शिफारशीतील चांगल्या अध्यापकांचे तास ऐकण्याचा भाग तर असा आहे, की त्याला ना अनुदान लागते, ना मंजुरी. प्राचार्यांची परवानगी आणि मनाची थोडी तयारी पुरते. मराठीच्या अध्यापकाने कन्नड विभागातील सहकाऱ्याचा एखादा तास मागे बसून ऐकावा, कन्नडच्या अध्यापकाने मराठीचा. भाषा पूर्ण समजली नाही तरी शिकवण्याची कला दिसतेच. बहिरेवाडीच्या जे. पीं.नी उप्पिनबेटगेरीत जाऊन हेच केले होते.

बळ्ळारीच्या तुरुंगात कैद्यांकडून शिकवायला शिकलेल्या या माणसाने देशाच्या विद्यापीठांना सांगितले, की शिकवणाऱ्यालाही शिकू द्या. सांगितलेले अर्धेच ऐकले गेले. उरलेले अर्धे आपल्याच महाविद्यालयाच्या पहिल्या मजल्यावर, येत्या जूनमध्ये नवे अधिव्याख्याते रुजू होतील तेव्हा, करता येण्याजोगे आहे.