फ्रीड्रिख व्होलर

जर्मनीतील फ्रँकफुर्टजवळच्या एका खेड्यात ३१ जुलै १८०० रोजी फ्रीड्रिख व्होलर यांचा जन्म झाला. बालपणी त्यांना खनिजे गोळा करण्याचा छंद होता. १८२३ मध्ये त्यांनी वैद्यकीची पदवी मिळविली. परंतु त्यांचे मन रसायनशास्त्रातच रमले होते. म्हणून त्यांनी स्टॉकहोमची वाट धरली आणि बर्झेलियस या थोर शास्त्रज्ञापाशी शिक्षण घेतले.

त्या सुमारास व्होलर यांनी चांदीच्या एका संयुगाचे पृथक्करण केले. लीबिख या तरुण शास्त्रज्ञाने तपासलेले चांदीचे दुसरे संयुग धक्का लागताच स्फोट पावे. व्होलर यांचे तसे नव्हते. तरीही दोहोंतील घटक आणि त्यांचे प्रमाण अगदी सारखे निघाले! व्होलर चुकले असावेत, असे लीबिख यांना वाटले. त्यांनी स्वतः प्रयोग करून पाहिला, तेव्हा व्होलर यांचे म्हणणे खरे ठरले. घटक तेच असूनही मांडणी बदलली की गुण बदलतात, हे यातून पुढे आले. वादातून वैर न वाढता आजन्म मैत्री जडली. १८३२ मध्ये व्होलर यांच्यावर पत्नीवियोगाचा आघात झाला, तेव्हा लीबिख यांनी त्यांना गीसेनला बोलावून घेतले. दोघांनी मिळून केलेल्या संशोधनात व्होलर यांना धीर सापडला.

पुढे ते गटिंगेन येथे प्राध्यापक झाले. क्विनोन हा पिवळा पदार्थ. त्याच्या रेणूला हायड्रोजनचे दोन अणू मिळाले, की रंगहीन हायड्रोक्विनोन बनते. ते अणू काढून घेतले, की पुन्हा क्विनोन. १८४४ मध्ये व्होलर यांना दिसले, की हे दोन पदार्थ एकत्र येताच धातूप्रमाणे चकाकणारे गडद हिरवे स्फटिक तयार होतात. पिवळा आणि रंगहीन मिळून हिरवा कसा? हे कोडे उलगडण्यापूर्वीच, १८८२ मध्ये, व्होलर निवर्तले.

विसाव्या शतकात क्ष-किरणांनी या स्फटिकांचे अंतरंग उघड केले. हायड्रोक्विनोनचा हायड्रोजन शेजारच्या क्विनोनमधील ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीला हायड्रोजन बंध म्हणतात. हात धरून उभ्या राहिलेल्या मुलांप्रमाणे दोन्ही रेणू एकाआड एक गुंफले जाऊन त्यांच्या नागमोडी साखळ्या बनतात. या साखळ्या एकमेकींवर अशा रचल्या जातात, की क्विनोनवर हायड्रोक्विनोन येते. प्रकाश पडला, की हायड्रोक्विनोनकडील इलेक्ट्रॉन क्विनोनकडे सरकतो आणि त्यामुळेच तो गडद रंग दिसतो.

म्हणजे येथेही किमया मांडणीचीच होती. व्होलर यांना तिचे कारण ठाऊक नव्हते. परंतु जे दिसले, ते त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले. त्या नोंदीच्या आधारेच पुढील पिढ्यांना उत्तर शोधता आले.