दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी (३१ जुलै १९०७ – २९ जून १९६६) हे भारतीय गणितज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, इतिहासकार, नाणकशास्त्रज्ञ आणि संस्कृत ग्रंथांचे संपादक होते. मराठी वाचक त्यांना मुख्यतः प्राचीन भारताच्या इतिहासाची भौतिकवादी मांडणी करणारे अभ्यासक म्हणून ओळखतो. परंतु व्यवसायाने ते गणिताचे प्राध्यापक होते. यादृच्छिक वक्ररेषांचे पृथक्करण करण्याची जी रीत त्यांनी १९४३ मध्ये मांडली, ती आज कोसंबी–कारुनेन–लोएव्ह विस्तार या नावाने ओळखली जाते.

बालपण व शिक्षण

कोसंबी यांचा जन्म गोव्यात झाला. पालीचे पंडित आणि बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. हार्वर्ड विद्यापीठातील कामासाठी धर्मानंद अमेरिकेस गेले, तेव्हा १९१८ मध्ये त्यांनी दामोदर यांनाही बरोबर नेले. शालेय शिक्षण मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे झाले. हार्वर्डची पदवी त्यांनी १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत मिळवली. नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाशी जुळलेला त्यांचा स्नेह पुढेही टिकला.

अध्यापन व आरंभीचे संशोधन

भारतात परतल्यावर त्यांनी प्रथम बनारस हिंदू विद्यापीठात आणि १९३१ पासून अलीगढ येथे अध्यापन केले. अलीगढला त्यांना फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेय यांनी बोलावले होते. त्याच वर्षी नलिनी माडगावकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी बारा वर्षांहून अधिक काळ गणित शिकवले. अवकल भूमितीतील त्यांच्या कामातून कोसंबी–कार्तान–चर्न सिद्धांत आकारास आला. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले.

संख्याशास्त्र त्यांनी प्रत्यक्ष वस्तू हाताळून आत्मसात केले. वापरातील नाणे हातोहाती झिजते; त्यामुळे एका काळच्या नाण्यांचे सरासरी वजन वर्षांगणिक घटते आणि वजनांतील तफावत वाढत जाते. या तत्त्वावर त्यांनी तक्षशिला येथील आहत नाण्यांच्या साठ्यांचा कालक्रम लावला. त्यासाठी एकेक नाणे तराजूवर तोलले आणि रीत पारखण्याकरिता चलनातील आधुनिक नाणीही तोलली. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्याचे एक सूत्र दिले. भातासारख्या पिकांचे जनुकीय नकाशे करताना ते कोसंबी फलन या नावाने आजही वापरले जाते.

फलन-अवकाशातील संख्याशास्त्र

१९४३ मध्ये भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात कोसंबींचा फलन-अवकाशातील संख्याशास्त्रावरील लेख प्रसिद्ध झाला. त्यामागील कल्पना एका उदाहरणाने समजू शकते. भंडाऱ्याजवळ वैनगंगेची पाणीपातळी वर्षभर रोज नोंदली, तर एक वक्ररेषा मिळते. पन्नास वर्षांच्या पन्नास रेषा होतात. प्रत्येक रेषा म्हणजे एक आकडा नव्हे, तर एक संपूर्ण फलन होय. अशा फलनांची सरासरी काढणे सोपे आहे. अवघड प्रश्न पुढचा असतो : सरासरीपासून या रेषा ज्या असंख्य प्रकारे ढळतात, त्यांतील मुख्य प्रकार कोणते?

कोसंबींनी प्रत्येक फलनास अनंत मितींच्या अवकाशातील एक बिंदू मानले. वर्षातील कोणत्याही दोन दिवसांच्या पातळ्या कितपत एकत्र वरखाली होतात, यावरून सहप्रचरण फलन तयार होते. त्यापासून मिळणारे समाकल समीकरण सोडवले की परस्परांशी काटकोनात असलेल्या मूळ आकृती हाती येतात. त्यांपैकी पहिली आकृती सर्वाधिक तफावत स्पष्ट करते, दुसरी उरलेल्यापैकी सर्वाधिक, आणि हा क्रम तसाच पुढे चालतो. अनेकदा पहिल्या चारपाच आकृतींतच बहुतेक माहिती सामावते. शेपटाकडच्या आकृतींत मुख्यतः मापनातील चुका व योगायोगाचे चढउतार उरतात.

फिनलंडचे कारी कारुनेन आणि फ्रान्सचे मिशेल लोएव्ह याच निष्कर्षापर्यंत स्वतंत्रपणे पोचले. त्यांचे लेख कोसंबींच्या नंतरचे आहेत. तथापि युद्धकाळात भारतीय नियतकालिकात छापलेला लेख परदेशी ग्रंथालयांत फारसा पोचला नाही आणि पाठ्यपुस्तकांत बराच काळ उरलेली दोनच नावे राहिली. संक्षोभी प्रवाहांच्या अभ्यासात जॉन लम्ली यांनी हीच रीत १९६७ मध्ये आणली, तेव्हा कोसंबींच्या निधनास एक वर्ष झाले होते. त्यांच्या अग्रक्रमाची नोंद भारतीय अभ्यासकांनी पुढे आवर्जून घेतली आणि तिसरे नाव प्रमेयास जोडले जाऊ लागले.

नियमितीकरण व क्वांटम वाहिन्या

शेपटाकडच्या आकृती वगळणे ही केवळ काटकसर नाही. निरीक्षणांवरून मूळ कारण शोधताना लहान आयगेनमूल्यांनी भागावे लागते आणि भागाकारात मापनाची बारीक चूकही अवाढव्य होते. म्हणून ते घटक एकतर गाळले जातात, किंवा त्यांच्या वाढीवर गणिती दंड बसवून त्यांना आवर घातला जातो. या आवर घालण्यास नियमितीकरण म्हणतात. दंडाची पद्धत रशियन गणितज्ञ आंद्रेई तिखोनोव्ह यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. गाळण्याच्या पद्धतीचे कोसंबींच्या विस्ताराशी सख्खे नाते आहे.

क्वांटम वाहिनीच्या प्रतिमानात हा प्रश्न तीव्रतेने उभा राहतो. क्वांटम अवस्थेवर एखाद्या उपकरणाचा किंवा परिसराचा जो परिणाम होतो, त्याच्या गणिती वर्णनास वाहिनी म्हणतात. एका क्युबिटच्या वाहिनीसाठी १२ संख्या ठरवाव्या लागतात, दोन क्युबिटसाठी २४० आणि तिनांसाठी ४,०३२. मापने मात्र मर्यादित असतात. आकडेमोडीने केवळ सर्वांत जवळची जुळणी शोधली, तर प्रतिमान मापनातील चुकाही इमानाने गिरवते; इतकेच नव्हे, तर ऋण संभाव्यता दर्शवणारे अशक्यप्राय उत्तरही येऊ शकते. वाहिनीशी निगडित चोई आव्यूहाची आयगेनमूल्ये काढली की क्राउस क्रियाकारी मिळतात. त्यांपैकी मोजकेच प्रबळ ठेवून, किंवा संख्या वाढवणाऱ्या उत्तरास दंड लावून, जुळणीला लगाम घातला जातो. किती ठेवावेत हा मात्र कौशल्याचा भाग राहतो : फार थोडे ठेवले तर उपकरणातील खरा दोषही झाकला जातो.

हा कोसंबींच्या संशोधनाचा विषय नव्हता. नाते आहे ते गणिताचे. क्वांटम अवस्थांच्या अशा बदलांचे सर्वसाधारण गणित १९६१ मध्ये दोन सहकाऱ्यांसह मांडणारे ई. सी. जी. सुदर्शन हे १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि कोसंबी त्या वेळी तेथेच प्राध्यापक होते.

टाटा संस्थेतील वर्षे

या संस्थेत येण्याचे निमंत्रण कोसंबींना होमी भाभा यांनी १९४५ मध्ये दिले होते. वडिलांनी जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून देह ठेवला. १९४८–४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर कोसंबींनी इंग्लंड व अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांची पाहणी केली. घर पुण्यातच ठेवून ते डेक्कन क्वीनने मुंबईस जा-ये करीत. भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती, वा. वि. गोखले यांच्यासह संपादिलेला सुभाषितरत्नकोश आणि १९५६ चा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील इंग्रजी ग्रंथ ही सारी याच काळातील निर्मिती होय.

भाभांशी मात्र त्यांचे संबंध बिघडत गेले. कोसंबी जागतिक शांतता चळवळीत सक्रिय होते आणि अणुऊर्जेऐवजी सूर्याच्या ऊर्जेवर भर द्यावा, असे जाहीरपणे मांडत. इतिहासावरील त्यांच्या कामाकडेही काहीजण गणितापासूनचे विचलन म्हणून पाहत. त्यातच १९५९ मध्ये रीमान गृहीतकाबाबतचा त्यांचा संभाव्यतेवर आधारित लेख कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याची सिद्धता सदोष ठरली आणि गणितज्ञांमधील त्यांच्या प्रतिष्ठेस धक्का बसला. ज्या विद्वानाने योगायोग व नियम यांची फारकत करण्याचे साधन दिले, त्यालाच मूळ संख्यांमधील योगायोगाने चकवले, ही गोष्ट चटका लावणारी आहे. १९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या नेमणुकीचे नूतनीकरण केले नाही.

अखेरची वर्षे

यानंतरही पुणे परिसरातील टेकड्यांवर दगडी हत्यारे व ग्रामदेवतांची स्थाने शोधत त्यांची पायपीट चालू राहिली. १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद वैज्ञानिकाचे पद दिले. प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा बहुवाचित इंग्रजी ग्रंथ १९६५ मध्ये निघाला. मूळ संख्यांवरील काही लेख त्यांनी या काळात टोपणनावाने छापले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी या त्यांच्या कन्या होत. भारतीय टपाल खात्याने ३१ जुलै २००८ रोजी त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.