राजा परमाल : शिलालेखातील शिवभक्त आणि लोकगाथेतील दुबळा राजा

झाशीला गेल्यावर आपण राणी लक्ष्मीबाईंच्या किल्ल्याचे दर्शन घेता. शहरातील गजबजलेल्या इलाइट चौराह्यावरही आपले जाणे होते. याच बुंदेलखंडात, झाशीच्या पूर्वेला असलेल्या महोब्याच्या एका राजाची कथा आपण जाणून घेऊया.

१. इतिहासातील राजा

चंदेल वंशातील परमर्दिदेव, म्हणजेच राजा परमाल, वर्ष ११६५ च्या सुमारास लहान वयातच गादीवर आला. वर्ष ११८२ मध्ये पृथ्वीराज चौहानाने त्याचे राज्य लुटले. ललितपूर जिल्ह्यातील मदनपूर येथील शिलालेखात याची नोंद आहे. त्यानंतरही परमालाने सुमारे २० वर्षे राज्य केले. नाटककार वत्सराज त्याचा अमात्य होता. कालिंजरच्या नीलकंठ मंदिरात वर्ष १२०१ चा शिलालेख आहे. त्यातील शिवस्तुती स्वतः राजाने रचल्याचे मानले जाते. पुढच्याच वर्षी कुतुबुद्दीन ऐबकाने कालिंजरला वेढा घातला आणि त्याच संघर्षात राजाचा अंत झाला.

२. लोकगाथेतील राजा

पावसाळ्यात गावोगावी गायल्या जाणाऱ्या 'आल्हा' या गाथेत मात्र वेगळाच परमाल भेटतो. मेहुणा माहिल याच्या चहाड्यांवर विश्वास ठेवून तो आल्हा आणि ऊदल या शूर भावांना राज्याबाहेर घालवतो. पृथ्वीराज चालून आल्यावर राणी मल्हना जगनिकाला पाठवून त्यांना परत बोलावते. अपमान विसरून दोघे मातृभूमीसाठी लढतात. काही कथांत पराभवानंतर राजा प्राण त्यागतो, तर काहींत तो गयेला निघून जातो. पुढची २० वर्षे गाथेत उरतच नाहीत !

३. कथा अशी का पालटली ?

ही गाथा अनेक शतके गायकांच्या मुखी राहिली. वर्ष १८६५ च्या सुमारास चार्ल्स इलियट या इंग्रज अधिकाऱ्याने फर्रुखाबाद येथे ती गायकांकडून लिहून घेतली. गाणाऱ्यांना पराक्रम आणि त्याग सांगायचा होता. वीरांची निष्ठा उठून दिसण्यासाठी राजा अधिकाधिक दुबळा होत गेला असावा.

४. आपण काय शिकावे ?

गाथा खोटी म्हणून टाकून देऊ नका. चहाडी ऐकणारा आपली माणसे गमावतो, हे ती शिकवते. रक्षाबंधनाच्या दुसऱ्या दिवशी महोब्याच्या कीरत सागर तलावाकाठी आजही कजलीचा मेळा भरतो, तो या वीरांच्या स्मरणार्थच. मात्र कालिंजरच्या दगडावर शिवाला आळवणारा राजाही विसरू नका. ऐकीव गोष्टीवरून राजाने आल्हा-ऊदलांना दोषी ठरवले, असे गाथा सांगते. केवळ ऐकीव गोष्टीवरून आपणही त्या राजाला दोषी ठरवले, तर गाथेचा बोध आपल्याला समजलाच नाही, असे होईल.