बिलियर्ड्सचे जगज्जेते विल्सन जोन्स

भारताचा पहिला जगज्जेता खेळाडू कोण, असे वर्गात विचारले तर बहुतेकजण विश्वनाथन आनंदचे नाव घेतात. एखादा कऱ्हाडकडचा विद्यार्थी खाशाबा जाधवांचे नाव घेतो आणि ते अभिमानाने घेतो. पण खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकीला मिळविले ते ऑलिंपिकचे कांस्यपदक होते. एकट्याच्या बळावर जगज्जेतेपद मिळविणारा पहिला भारतीय जन्मला पुण्यात, आणि त्यांचा खेळ आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिला असेल. त्यांचे नाव विल्सन लायोनेल गार्टन जोन्स.

जोन्स यांचा जन्म २ मे १९२२ रोजी पुण्यात एका अँग्लो-इंडियन कुटुंबात झाला. पुणे हे तेव्हा लष्करी छावणीचे शहर. बिलियर्ड्स हा खेळ इंग्रज पलटणींबरोबर आपल्या देशात आला आणि त्यांच्या मेसमध्ये व क्लबांमध्ये राहिला. त्याचेच भावंड असलेला स्नूकर तर येथेच जन्मला; १८७५ साली जबलपूरच्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने तो काढला. (पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते हे नव्हेत.) आजकाल शहरांतून मुले खेळतात तो पूल म्हणजे याच घराण्यातला धाकटा. टेबल लहान, खिसे रुंद आणि चेंडू पुष्कळ.

बिलियर्ड्सला चेंडू फक्त तीन. टेबल मात्र बारा फूट लांब व सहा फूट रुंद. आपल्या चेंडूने उरलेल्या दोघांना स्पर्श केला तर २ गुण. लाल चेंडू खिशात घातला किंवा त्याला लागून आपला चेंडू खिशात गेला तर ३. गुण मिळत राहतील तोवर खेळाडू टेबलावर, आणि प्रतिस्पर्धी खुर्चीत. कॅरम खेळणाऱ्याला हे चटकन समजेल. शंभर गुणांचा एक डाव लावायचा म्हणजे चाळीसएक फटके ओळीने बिनचूक मारावे लागतात, आणि प्रत्येक फटका असा की पुढचा फटका सोपा व्हावा. नेम हा त्यातला निम्माच भाग झाला. एकच हालचाल चाळीस वेळा सारखी करता येणे हा उरलेला निम्मा, आणि माझ्या मते तोच अवघड.

१९४८ साली जोन्स स्नूकरचे राष्ट्रीय विजेते झाले, १९५० साली बिलियर्ड्सचे. तेथून १९६६ पर्यंत बिलियर्ड्सचे राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी १२ वेळा मिळविले. स्नूकरचे ५ वेळा. देशात त्यांच्यापुढे उभे राहणारे थोडेच होते. पण जागतिक स्पर्धेची गोष्ट निराळी. १९५१ साली ते लंडनला या स्पर्धेत उतरले, तेव्हा विजेतेपद ऑस्ट्रेलियाच्या बॉब मार्शल यांच्याकडे गेले. १९५२ साली स्पर्धा कलकत्त्यालाच भरली, तरी जिंकले इंग्लंडचे लेस्ली ड्रिफील्ड. १९५४ साली सिडनीला टॉम क्लिअरी. घरी राष्ट्रीय विजेता आणि बाहेर रिकामा हात, अशी सात वर्षे काढणे कसे असेल याचा विचार मी अनेकदा करते.

त्याला कारण आहे. माझे बालपण सुरतेत गेले. सुरत म्हटले की इकडे लोकांना १६६४ आणि १६७० आठवतात. मला यंत्रमागांचा आवाज आठवतो. लिंबायत भागात आमच्यासारखी मराठी कुटुंबे खूप. वडील मागावर, माझी शाळा मराठी माध्यमाची, आणि आईशी बोलणे कन्नडमध्ये, कारण ती अथणीकडची. पदवीसाठी मी इकडे आजोळी आले, पण सुट्टीत सुरतेला जाते. तेथे घराजवळ पूलची एक जागा आहे. तासाला पैसे घेतात, आणि मुलीने तेथे पाऊल टाकले की सगळी टेबले थांबतात. दोनदा गेले. तिसऱ्यांदा जाण्यास वडिलांची परवानगी मिळाली नाही. मग मामेभावाची जुनी क्यू घरी आणली.

घरी टेबल नाही. पण शेजारच्या काकूंकडे साड्यांच्या घड्या घालण्याचे लांब टेबल आहे, आणि दुपारी दोन ते तीन ते रिकामे असते. त्यावर सरबताची रिकामी बाटली आडवी ठेवायची, आणि क्यूचे टोक तिच्या तोंडातून काचेला न लागता आत न्यायचे व बाहेर काढायचे. हनुवटी काठीजवळ, कोपर जागच्या जागी, हलायचा तो फक्त कोपराखालचा हात, घड्याळाच्या लंबकासारखा. टोक काचेला लागले की किणकिण वाजते. दुसरा पंच लागत नाही. पहिल्या दिवशी पन्नास वेळांत चाळीस वेळा वाजली असेल. कंटाळा आला की फरशीच्या सांध्यावरून काठी सरळ नेण्याचा सराव. काकू म्हणतात, पोरगी बाटलीला इंजेक्शन देते. वडील येऊन बघतात आणि काही न बोलता जातात.

या सरावाने सर्व काही येत नाही हे सांगितले पाहिजे. कापडावर चेंडू किती धावेल, गादीला लागून कोणत्या कोनात परतेल, खाली मारल्यास मागे किती येईल, हे टेबलावाचून कळणे शक्य नाही. घरी तयार होतो तो हात. पण हातच वाकडा असेल तर टेबलावर घालविलेला तास आणि त्याचे पैसे दोन्ही फुकट, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला कोणी वेगळे शिकवायला नको.

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर जोन्स यांचाही हिशेब पाहावा. ही स्पर्धा हौशी खेळाडूंची होती. हौशी याचा अर्थ खेळावर पोट भरायचे नाही. पदक, करंडक, वर्तमानपत्रात नाव, आणि पोटापाण्यासाठी नोकरी. दुसरीकडे या खेळाचा खर्च राजेशाही. दगडी पाट्यांचे टेबल, त्यावर लोकरीचे कापड, आणि ते सारे मावेल अशी खोली. क्लबाबाहेर हे कोठे मिळणार? तेव्हा हा श्रीमंतांचा खेळ खरा, पण त्यात भारताचे नाव जगात पहिल्यांदा वर नेणारा माणूस नोकरदार होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

१९५८ साली स्पर्धा पुन्हा कलकत्त्याला आली. साखळी पद्धतीची स्पर्धा, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळावे लागते. कठीण प्रतिस्पर्धी दुसऱ्याने परस्पर काढून टाकावा, ही सोय नाही. ड्रिफील्ड होते, क्लिअरी होते. म्हणजे मागल्या दोन स्पर्धांचे विजेते समोर. जोन्स जिंकले. स्वातंत्र्याला तेव्हा अकरा वर्षे झाली होती. हॉकीतली सुवर्णपदके देशाने पाहिली होती, पण ती संघाची. इंग्रजांच्या मेसमधून आलेल्या खेळात इंग्लंडच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या माजी जगज्जेत्यांना मागे टाकणारा हा पहिला भारतीय.

पुढे १९६० साली एडिंबराला इंग्लंडचे हर्बर्ट बीदम जिंकले, १९६२ साली पर्थला पुन्हा मार्शल. जोन्स चाळिशी ओलांडून गेले होते. एखाद्याने पुरे म्हटले असते. १९६४ साली ते न्यूझीलंडमधील पुकेकोहे या गावी गेले आणि दुसऱ्यांदा जगज्जेते होऊन परतले. त्याच स्पर्धेत भारताचा दुसरा तरुण खेळाडू होता मायकेल फरेरा, ज्याने पुढे १९७७, १९८१ आणि १९८३ साली हेच विजेतेपद मिळविले. पहिल्या विजयापेक्षा हा दुसरा विजय मला मोठा वाटतो. पहिल्या वेळी कलकत्त्याचे प्रेक्षक होते. पुकेकोहेला कोण होते?

अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, १९६५ साली पद्मश्री. खेळणे थांबविल्यावर ते शिकवू लागले आणि १९९६ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. ५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये त्यांच्या नावाचे बिलियर्ड्सचे दालन आहे.

आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांसाठी एक गोष्ट राहिली. पंचवीसहून अधिक जागतिक विजेतेपदे मिळविणारे पंकज अडवाणी बंगळुरूचे म्हणून सर्वांना ठाऊक आहेत, आणि ते शिकलेही तेथेच, अरविंद सवूर यांच्याकडे. त्यांचा जन्म मात्र पुण्याचा. यावरून वसतिगृहात आमचा वाद अजून चालू आहे.