देवाविना नीती : गोपाळ गणेश आगरकर

देव नाही असे मानणाऱ्या माणसाने खोटे का बोलू नये? दुसऱ्याचे का लुबाडू नये? हा प्रश्न नीतिशास्त्राच्या पुस्तकात येतो, तसाच तो आमच्या गावच्या पारावरही येतो. देण्याघेण्यावरून तंटा झाला, की आमच्याकडे अजूनही बेलभंडार उचलायला सांगतात. जो उचलेल त्याचा शब्द खरा धरतात. मग ज्याचा देवावरच विश्वास नाही, त्याच्या शब्दाला तारण कोणते? या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांतून शोधण्याआधी एका माणसाच्या आयुष्यात शोधावे, असे मला वाटले. तो माणूस म्हणजे गोपाळ गणेश आगरकर.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. घरची अत्यंत गरिबी. शिक्षण आजोळी, कऱ्हाडला सुरू झाले. पुढे शिकायचे म्हणून हा मुलगा पायी रत्नागिरीला गेला. तिथे निभाव लागेना म्हणून परत आला. मध्यंतरी त्याने कारकुनी केली, दवाखान्यात कंपाउंडरचे कामही केले. अखेर तो अकोल्यास गेला आणि तिथे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा गुरू त्याला लाभला. अकोला आम्हा जळगावकरांना परके नाही. भुसावळवरून जाणाऱ्या त्याच रेल्वेमार्गावर ते आहे. ज्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, अशा घरातून मी आलो. म्हणून आगरकरांचे हे दिवस मला इतिहासातले वाटतच नाहीत.

पुण्यास डेक्कन कॉलेजात टिळकांची गाठ पडली. तेव्हा आगरकरांजवळ एकच सदरा होता, तो रात्री धुऊन सकाळी तेच घालत, असे सांगतात. एम. ए. होण्याच्या सुमारास त्यांनी आईला पत्र लिहिले. मुलाला आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल ही आशा तिने सोडून द्यावी; पोटापुरत्या पैशांवर राहून आपण सगळा वेळ लोकांच्या कामी घालणार आहोत, असा त्याचा आशय होता. हे पत्र सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु ज्यांचे आईबाप शेतात राबून मुलाच्या पदवीची वाट पाहत आहेत, त्यांना ते वाचताना काय वाटते हे ज्याचे त्यालाच कळे. ते आईला कसे सोसले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. एवढे मात्र खरे, की या त्यागाबद्दल परलोकी काही मिळेल, अशी आगरकरांची समजूत नव्हती.

१८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि एम. ए. झाल्यावर आगरकर तिथे दाखल झाले. १८८१ साली 'केसरी' निघाला. त्याचे पहिले संपादक तेच. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवर केलेल्या टीकेबद्दल १८८२ साली त्यांना व टिळकांना शिक्षा झाली आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. ज्या पत्रांच्या आधारे ती टीका केली होती ती बनावट ठरली, तेव्हा दोघांनी दिलगिरी व्यक्त केली होती. तरीही खटला टळला नाही. इथे आमच्या पारावरच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. आपण छापले ते चुकीचे ठरले, तर ते मान्य करायचे आणि परिणाम भोगायचे. शब्दाला हेच तारण. त्यासाठी बेलभंडार लागला नाही.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, यावरून टिळकांशी मतभेद वाढले. १८८७ साली त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ साली 'सुधारक' काढला. त्याच्या इंग्रजी भागाची जबाबदारी गोपाळ कृष्ण गोखले यांनी घेतली होती. बालविवाह, विधवांचे केशवपन, जातिभेद, स्त्रियांचे अज्ञान, यांवर आगरकरांनी घाव घातले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारा वर्षे केली, त्याला त्यांनी पाठिंबा दिला. लोक इतके खवळले, की त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. १८९२ साली ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले.

ईश्वराच्या अस्तित्वाला पुरावा नाही, म्हणून ते गृहीत धरता येत नाही, ही त्यांची भूमिका. त्यांना कोणी नास्तिक म्हणतात, कोणी अज्ञेयवादी. मिल व स्पेन्सर यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. आचाराचे नियम आकाशातून पडलेले नाहीत. माणसांनी एकत्र राहण्यासाठी ते केले आहेत. म्हणून ज्या नियमाने माणसांचे सुख वाढते तो ठेवावा व ज्याने दुःख वाढते तो मोडावा, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल.

यावर आक्षेप असा, की आगरकर चांगले वागले हे खरे, पण ते धर्मनिष्ठ समाजात वाढले. त्यांची नीती म्हणजे पूर्वजांच्या श्रद्धेचेच व्याज होते. हा आक्षेप हलका नाही. एका सज्जन नास्तिकावरून सर्व नास्तिक सज्जन ठरत नाहीत. परंतु दुसरी बाजूही पाहावी. विधवेच्या केशवपनाला शास्त्राचा आधार सांगितला जाई. ते वाईट आहे हे मग कोणत्या मापाने ठरले? शास्त्रातले कोणते वचन घ्यावे व कोणते टाकावे हे आपण ठरवतो, तेव्हा मोजण्याचे माप आपल्या हाती आधीच असते. ते माप म्हणजे समोरच्या माणसाचे दुःख. ते दिसण्यासाठी आस्तिक असावे लागत नाही, आणि आस्तिकाला ते दिसत नाही असेही नाही.

आमच्या खानदेशातच याचा दाखला आहे. अमळनेरच्या शाळेत शिकवणारे साने गुरुजी परम श्रद्धाळू. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींनीच लिहून घेतली. तेच गुरुजी १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसले. एकाने देव मानला नाही, दुसऱ्याने सर्वस्व मानला. अन्यायापाशी येऊन दोघे एकाच बाजूला उभे राहिले. गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेल्या 'साधना'चे संपादन पुढे डॉ. नरेंद्र दाभोलकरांसारख्या विवेकवाद्याने केले, हाही केवळ योगायोग नसावा. २०१३ साली दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली. आगरकरांचा विरोध प्रतीकात्मक प्रेतयात्रेवर थांबला होता, हे आठवून मन खिन्न होते.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. भाविकाला संकटात देवाचा आधार असतो. आगरकरांना तो नव्हता. दम्याने शरीर पोखरले, जिवलग मित्र दुरावला, समाजाने वाळीत टाकल्यासारखे केले. हे सोसायला लागणारे बळ त्यांना कामातूनच मिळवावे लागले. नास्तिकाची नीती पाळायला सोपी नाही, उलट अधिक कठीण आहे. तिथे पापक्षालनाला तीर्थ नसते.

त्यांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्या आपले देवधर्म पाळीत आणि आगरकर त्यांना अडवीत नसत. मला हे त्यांच्या लेखांइतकेच मोलाचे वाटते. आपली बुद्धी स्वतंत्र हवी, तशी दुसऱ्याचीही राहू द्यावी. नाही तर बुद्धिवाद हाही एक सोवळेपणा होईल. दर श्रावणात आमच्या घरी कानबाई बसते. आई रात्रभर जागते. मी शिकलो म्हणून तिच्या जागरणाला हसण्याचा अधिकार मला मिळालेला नाही. पण त्याच कानबाईच्या नावाने कोणी एखाद्या विधवेला हळदीकुंकवापासून दूर ठेवू लागला, तर गप्प बसण्याचा अधिकारही मला उरलेला नाही.

१७ जून १८९५ रोजी आगरकर वारले. वयाची ३९ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. मरणानंतर आपण कोणाला जाब देणार आहोत, असे न मानणाऱ्या माणसाने मागे कोणाचे देणे ठेवले नाही.