जुन्या फळ्या, जुन्या विटा : थोरोचे घर

हेन्री डेव्हिड थोरो आपल्याला परिचित असतो तो बहुधा गांधीजींमुळे : कर नाकारून एक रात्र तुरुंगात काढणारा आणि सविनय कायदेभंगावर निबंध लिहिणारा लेखक म्हणून. परंतु मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कर्ड गावी १२ जुलै १८१७ रोजी जन्मलेला हा हार्वर्डचा पदवीधर हाताने काम करणारा कसबी माणूस होता. वडिलांच्या पेन्सिलींच्या कारखान्यात त्याने सुधारणा केल्या, लोकांच्या जमिनींची मोजणी करून पोट भरले आणि १८४५ साली, एमर्सनच्या मालकीच्या जागेवर, वॉल्डन तळ्याकाठी स्वतःचे घर बांधले.

दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब अशा त्या घराचा खर्च झाला २८ डॉलर साडेबारा सेंट. त्याने मांडून ठेवलेल्या त्या हिशेबात नवे सामान फार थोडे आहे. सांगाड्याचे पाइन त्याने उसन्या कुऱ्हाडीने तोडले. कुऱ्हाड परत केली तेव्हा तिला पहिल्यापेक्षा अधिक धार होती. छपराला आणि भिंतींना टाकाऊ ठरलेल्या लाकडी चिपा, वापरलेल्या दोन खिडक्या, चार डॉलरला एक हजार जुन्या विटा. विटांवर पन्नास वर्षांचा चुना घट्ट बसलेला होता. तो थापीने खरवडावा लागला. गिलाव्यात मिसळायचे केस गरजेपेक्षा जास्त आणले गेले, तेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवले. बांधून उरलेल्या लाकडातून शेजारी सरपणाची खोपटी उभी राहिली.

फळ्यांची कथा मात्र इतकी निर्मळ नाही. त्या जेम्स कॉलिन्स या आयरिश रेल्वे मजुराच्या झोपडीच्या होत्या. सव्वाचार डॉलरला सौदा ठरला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपर्यंत कुटुंबाने घर सोडायचे होते. सहा वाजता थोरोला ते वाटेत भेटले; सारा संसार एका गाठोड्यात मावला होता. त्याने झोपडी उकलली, फळ्या तळ्याकाठी नेऊन गवतावर उन्हात पसरल्या. त्याच्या काटकसरीचे कौतुक करताना ते बिऱ्हाड नजरेआड करता येत नाही; स्वतः थोरोने त्या प्रसंगाचे वर्णन काहीशा अलिप्तपणेच केले आहे.

६ सप्टेंबर १८४७ रोजी त्याने तळे सोडले. पुढे गावातल्या घरी राहत असतानाही सवय तीच राहिली. १८५५ साली टॉमस चमली या इंग्रज मित्राने त्याला ४४ ग्रंथ पाठवले, त्यांत बहुतेक भारतीय धर्म-तत्त्वज्ञानाचे. ते बोटीने येईपर्यंत थोरोने नदीत वाहून आलेल्या लाकडांचे कपाट त्यांच्यासाठी तयार ठेवले होते.

क्षयाने ६ मे १८६२ रोजी तो वारला. तळ्याकाठचे घर तोपर्यंत शेतकऱ्यांनी गावाच्या दुसऱ्या बाजूला हलवून धान्याचे कोठार केले होते. १८६८ मध्ये त्यांनी लाकडासाठी ते उकलले आणि छप्पर दुसऱ्या एका खोपटावर चढवले.