घाटावरचा मुलगा

फ्रेडी मर्क्युरीचे वडील रोखपाल होते, हे मला कळलं तेव्हा माझी बँकेतली नोकरी संपत आली होती. बोमी बलसारा हे झांझिबारच्या हायकोर्टात ब्रिटिश सरकारचे कॅशियर. दुसऱ्यांचे पैसे मोजायचे, संध्याकाळी हिशेब जुळवायचा आणि मुकाट्याने घरी जायचं! अशा घरात हा मुलगा जन्माला यावा याचं मला अप्रूप वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही. शेवटी आमच्याच जातकुळीतला निघाला म्हणून.

त्याची माझी ओळख मात्र त्याआधीची. 1986 साली मी वाईच्या शाखेत नवा अधिकारी होतो. मस्कतहून सुटीवर आलेल्या माझ्या आतेभावाने एक कॅसेट माझ्या हातात ठेवली. नाव ‘मिस्टर बॅड गाय’. ‘क्वीन’ हा बँड आम्हा मित्रांना ऐकून ठाऊक होता. पण ही कॅसेट फ्रेडीची एकट्याची. शनिवारी अर्ध्या दिवसाचं काम आटोपलं की मी माडीवरच्या खोलीत टू-इन-वन लावायचा. आवाज वाढला की खालच्या आजी काठीने तक्तपोशी ठोकायच्या. खिडकीतून पसरणीचा घाट दिसे. अंधार पडला की चढणाऱ्या गाड्यांचे दिवे एकामागून एक वळण घेत वर जात. ज्याचा आवाज मी ऐकतो आहे तो माणूस त्याच घाटाच्या माथ्यावर लहानाचा मोठा झाला, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

फारोख बलसाराचा जन्म 5 सप्टेंबर 1946 चा, झांझिबारचा. घराणं पारशी, मूळ वलसाडकडचं. आडनावातच ते आहे. मुलगा आठ वर्षांचा झाला तेव्हा आई-वडिलांनी त्याला समुद्रापार पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात ठेवलं. चांगलं शिक्षण मिळावं, हाच हेतू. मुंबईत नातेवाईक होते. पण आई-वडील होते ते समुद्राच्या पलीकडे. पाचगणीतच सोबत्यांनी फारोखचा फ्रेडी केला. तिथेच तो पियानो शिकला, आणि मित्रांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्यात तो मुख्यतः पियानोवर असे.

शाळा संपवून तो घरी परतला आणि जानेवारी 1964 मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली. बलसारा कुटुंबाने देश सोडला आणि लंडनच्या कडेला फेल्टहॅममध्ये बिऱ्हाड थाटलं. फ्रेडीने ईलिंगच्या कला महाविद्यालयातून ग्राफिक डिझाइनचं शिक्षण पुरं केलं. पोटापाण्यासाठी केन्सिंग्टनच्या बाजारात रॉजर टेलरबरोबर जुन्या कपड्यांचा गाळा चालवला. 1970 मध्ये टेलर आणि ब्रायन मे यांच्यासह ‘क्वीन’ उभा राहिला, पुढच्या वर्षी जॉन डीकन आला. बँडचं नाव फ्रेडीने सुचवलेलं, बोधचिन्ह त्याने रेखाटलेलं. आडनावही त्याने स्वतःच निवडलं: मर्क्युरी. 1975 च्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’नंतर त्याची ओळख सांगायची गरज उरली नाही.

‘मिस्टर बॅड गाय’ आली 29 एप्रिल 1985 रोजी. म्युनिकमध्ये राइनहोल्ड मॅक या निर्मात्याबरोबर, ‘क्वीन’च्या कामातून सवड काढत त्याने ती दोनेक वर्षं रेंगाळत केली. अकरा गाणी, सगळी त्याने स्वतः लिहिलेली. अर्पणपत्रिका आपल्या मांजरांना! इंग्लंडमध्ये ती सहाव्या क्रमांकापर्यंत गेली, अमेरिकेत जवळजवळ कुणी विचारलं नाही. आणि अडीच महिन्यांत 13 जुलै उजाडला. वेम्बली स्टेडियमवर ‘लाइव्ह एड’चा कार्यक्रम झाला. समोर बहात्तर हजार माणसं, आणि अवघ्या वीसेक मिनिटांत फ्रेडीने ती सगळी खिशात घातली. त्यानंतर जगाने लक्षात ठेवला तो गर्दीचा फ्रेडी. एकट्याची ती कॅसेट मागे पडली.

तिच्यात दोष नाहीत असं नाही. यंत्रावरचा ताल आज जुना वाटतो, एक-दोन गाणी नुसतीच धावतात. पंचविशीत मला त्या धावण्याचीच मौज वाटायची. ‘लिव्हिंग ऑन माय ओन’ लागलं की मी खोलीत एकटा नाचायचो. गाणं एकटेपणाचं आहे हे शब्दांवरून कळत होतं. पण ते कानापर्यंतच पोहोचत होतं. पुढे कितीतरी वर्षांनी मी त्याची चित्रफीत पाहिली. म्युनिकमध्ये झालेल्या त्याच्या एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या मेजवानीतली ती दृश्यं. काळ्या-पांढऱ्या पोशाखांतली शेकडो माणसं, हास्य, गलका. आणि मधोमध यजमान एकटेपणाचं गाणं गातोय! त्या दिवशी मी ती कॅसेट पहिल्यांदा ऐकली असं म्हणायला हरकत नाही.

त्याचं कारण माझ्या घरात होतं. 1998 मध्ये माझी बदली आडगावी झाली. मुलगा नऊ वर्षांचा. चांगलं शिक्षण मिळावं म्हणून आम्ही त्याला पाचगणीच्या एका वसतिगृहात ठेवलं. चार वर्षं तो तिथे होता. शाळा चांगली होती, तक्रारीला जागा नाही. पहिल्या दिवशी तो फाटकाशी उभा राहून हात हलवत होता आणि मी मागे वळून पाहिलं नाही, कारण ही रडली असती. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

फ्रेडीच्या एकटेपणाचं खापर मी शाळेवर फोडणार नाही. तिने त्याला पियानो दिला, मित्र दिले. कुणाच्या आयुष्याचा हिशेब असा एका नोंदीत जुळत नाही, हे कादंबरीकाराला नाही कळलं तरी बँकवाल्याला कळतं. पण ती गाणी ऐकताना आता मला मंचावरचा मिशीवाला राजा दिसत नाही. बोटीवरून उतरणारा आठ वर्षांचा मुलगा दिसतो.

23 नोव्हेंबर 1991 रोजी फ्रेडीने आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी लंडनच्या घरी तो गेला. वय पंचेचाळीस. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केला. जगाला नाचवणाऱ्या मुलाला निरोप द्यायला ते रोखपाल वडील आणि आई दोघंही हयात होते. त्याची रक्षा कुठे ठेवली ते जाहीर झालेलं नाही. ‘लिव्हिंग ऑन माय ओन’ नव्या तालात सजवून 1993 मध्ये पुन्हा आलं आणि इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. कॅसेटमधली आणखी दोन गाणी सोबत्यांनी 1995 मध्ये ‘क्वीन’च्या वाद्यमेळात नव्याने बांधली, तीच आता लोकांना ठाऊक आहेत. मूळ कॅसेटमधला काहीसा एकाकी आवाज मात्र मला अजून जवळचा वाटतो.

माझा मुलगा आता परदेशात असतो. गेल्या रविवारी फोनवर मी त्याला विचारलं, पाचगणीला पहिले काही दिवस कसे गेले होते रे? सत्तावीस वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारत होतो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की थंडी फार होती. आणि मग, मी न विचारता, तो पाऊण तास बोलत राहिला.